उंद्रीचा झगा

माझ्या मायच्या डाव्या गुडघ्याची वाटी बदलायची ठरली, तेव्हा घरात वाद झाला तो ऑपरेशनवर नाही, कपड्यांच्या बॅगेवर.

ऑपरेशनला माय एका वाक्यात तयार झाली होती. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरून हाडावर हाड कसं घासतंय ते समजावून सांगितलं. मायनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बदलून टाका मंग. जुनं झालं." पंपाचा वायसर बदलायचा असावा अशा सुरात. डॉक्टर म्हणाले, आधी डावा करू, तो चांगला चालायला लागला की काही महिन्यांनी उजवा. माय म्हणाली, "हाव. एक-एकच करा. बसाले एक पाय तं पाह्यजे."

निघताना तिथल्या सिस्टरने एक कागद हातात दिला. दवाखान्यात येताना काय आणायचं ते त्यावर छापलेलं होतं. सैल, समोरून उघडणारा, घोट्याच्या वर राहणारा गाऊन. बाह्या ढगळ, म्हणजे सलाईन लावता येईल. गुडघ्यावरची पट्टी कपडे न काढता पाहता आली पाहिजे. मागून पट्टा असलेली, न घसरणारी चप्पल. एक शाल. आणि शेवटी, जाड अक्षरात : साडी नको.

मी लोणारला झेडपीच्या शाळेत शिकवते. मुलांना सूचना दोनदा वाचायची सवय लावते, म्हणून मीही तो कागद दोनदा वाचला. अडचण शेवटच्या ओळीत होती. माझ्या मायनं लग्न झाल्यापासून नऊवारी लुगड्याशिवाय दुसरं काही अंगाला लावलेलं नव्हतं. निंदणाला लुगडं, लग्नाला लुगडं, तापानं फणफणली तरी लुगडं. गल्लीतल्या बायका संध्याकाळी गाऊन घालून ओट्यावर बसायला लागल्या, तेव्हा ती त्यांना "उशीच्या खोळी" म्हणायची, आणि त्यांच्या तोंडावर म्हणायची.

मी रजा टाकली, लोणारच्या बाजारातून एक गाऊन घेतला आणि मेहकर, चिखली करत एसटीनं उंद्रीला पोचले. पाहते तर मायची बॅग भरून तयार. चेन लागत नव्हती म्हणून दादानं तिला सुतळी बांधली होती. सुतळी सोडून आत पाहिलं. अकरा लुगडी होती. मोजून अकरा, आणि त्यांच्यावरची चोळ्या-पोलकी वेगळी.

"माय, पाच-सहा दिवस राहायचं आहे आपल्याले."

"मंग? माणसं भेटायले येतीन. रोज एकच लुगडं पाहतीन का?"

"लुगडं नेसताच येणार नाही तुले. पाय सरळ ठेवायचा आहे. कासोटा कसा घालशीन?"

यावर तिनं विचार केला नव्हता. सोडलेली सुतळी बोटाला गुंडाळली. मग म्हणाली, "तुह्या बाबाले सांगीन. थे घालून देतीन."

बाबा खाटेवर बसून सोयाबीनच्या बियाण्याची पिशवी शिवत होते. त्यांनी वर न पाहताच सांगितलं, "मले माह्या धोतराचा कासोटा पन धड जमत नाही. म्हून तं पायजमा घालून राह्यलो तीस वर्षांपासून."

मी धीर करून माझ्या पिशवीतून गाऊन काढला. लोणारच्या दुकानात मोठ्या मापाचा, समोरून उघडणारा, असा एकच शिल्लक होता. गुलाबी रंगाचा, आणि त्यावर छोटी छोटी अस्वलं. प्रत्येक अस्वलाच्या हातात एक फुगा.

मायनं तो दोन बोटांनी उचलला. बराच वेळ पाहिला.

"हे अस्वल कोनाच्या अंगावर बसवून राह्यली तू?"

"फक्त दवाखान्यापुरतं."

"दवाखान्यात का आंधळे लोक असतात?"

बाबांनी सुई खाली ठेवली. आमचे बाबा कमी बोलतात, पण एखादी गोष्ट मनावर घेतली की करून मोकळे होतात. ते उठले, मायच्या हातातून गाऊन घेतला आणि शर्ट-पायजम्यावरून सरळ अंगात घातला. समोरची बटणं लावली. दोन पावलं पुढे गेले, दोन मागे आले, खाली बसले, उठले. अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "चांगला आहे. हवा लागते. पाय कुठं अडकत नाही."

नेमकी त्याच वेळी शेजारची काकू ताक मागायला दारात आली. तिच्या हातात गडवा होता. तिनं बाबांकडं पाहिलं, अस्वलांकडं पाहिलं आणि जागच्या जागी थांबली. बाबांनी तिच्याकडं वळून शांतपणे सांगितलं, "दवाखान्याचं आहे. तपासून पाहून राह्यलो."

काकू ताक न घेताच गेली. वहिनी स्वयंपाकघरात ओट्याला धरून खाली बसली, इतकी हसत होती. मला तर ठसकाच लागला. माय आधी चिडली, मग तोंडाला पदर लावला, मग पदराआडून तिचे खांदे हलायला लागले. शेवटी डोळे पुसत ती म्हणाली, "अस्वल नाही घालत मी. पन झगा पाह्यजेच असंन, तं माह्या लुगड्याचा शिवून घेईन. लुगडं तं लुगडंच राहीन ना."

हा मार्ग आम्हा कोणालाच सुचला नव्हता. तिनं त्या अकरा लुगड्यांमधून सगळ्यात जुनं, धुवून धुवून मलमलीसारखं झालेलं हिरवं सुती लुगडं काढलं आणि आम्ही तिघी शिंप्याकडं निघालो. गुडघा दुखत असल्यामुळं माय मधे मधे थांबायची, पण तिला आता उत्साह आला होता. वाटेत जो भेटेल त्याला ती सांगत होती, "झगा शिवाले चालली."

आमच्या गावचे शिंपीभाऊ म्हातारे आहेत. त्यांनी हयातभर पोलकी आणि शाळेचे गणवेश शिवले. गाऊन हा प्रकार त्यांनी कधी हाती घेतला नव्हता. मी कागद वाचून दाखवला. त्यांनी चष्मा पुसला आणि मायकडं पाहिलं.

"वहिनी, हे म्हंजे शाळेच्या पोरीचा फ्रॉक झाला."

"तसाच शिवा, भाऊजी. पोरगी मोठी आहे असं समजा."

मग त्या दोघांनी मिळून तो झगा ठरवला, आणि मी नुसती पाहत राहिले. समोर काज-बटण नको, टिच बटणं हवीत, म्हणजे आडवं पडून एका हातानं उघडता येतील. बाही कोपराच्या वर सरकेल इतकी ढगळ. गुडघ्याच्या बाजूला मांडीपर्यंत चीर, आणि ती चीर बंद ठेवायला तीन नाड्या. सिस्टर आली की नाड्या सोडायच्या, पट्टी पाहून झाली की बांधायच्या. उंची घोट्याच्या चार बोटं वर, चालताना पायात येऊ नये म्हणून. काठ वाया घालवायचे नाहीत, ते खाली घेरावर लावायचे. एवढं झाल्यावर शिंपीभाऊंनी खडू कानाला लावला आणि विचारलं, "खिसा?"

माय म्हणाली, "बायाच्या कपड्याले खिसा असते का?"

"माह्याकडून असते. मायंदळ कपडा उरून राह्यला."

"मंग दोन लावा."

तिसऱ्या दिवशी झगा आला. उरलेल्या कापडातून त्यांनी दुसराही शिवला होता, कारण नऊ वार म्हणजे नऊ वार. घरी आणून पाहिलं तर चीर उजव्या बाजूला. म्हाताऱ्यानं मायला समोर उभं करून माप घेतलं होतं, तेव्हा त्यांच्या डाव्या हाताला होता तोच डावा पाय धरला. मी कपाळाला हात लावला. माय मात्र म्हणाली, "राहू दे. उजवा बी करायचाच आहे ना. डावीकडं आणखी एक फाडा म्हणा."

अशा रीतीनं दोन्हीकडून चिरा आणि सहा नाड्या असलेला झगा तयार झाला. घरी मायनं तो खोलीचं दार लावून घातला आणि बाहेरच येईना. आम्ही दाराबाहेर थांबलो. बाबांनी विचारलं, "झोपली का?" थोड्या वेळानं दार उघडलं. माय बाहेर आली ती दोन्ही हात खिशात घालून. एका खिशात सुपारीची चंची, दुसऱ्यात मोबाईल, रुमाल आणि कुठून तरी मिळालेल्या चार शेंगा. ती अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली, हात खिशातच. मग मला म्हणाली, "गड्यांची मजा आहे व. आपल्याले कोनी सांगतलंच नाही."

संध्याकाळी आम्ही तालीम केली. गुडघ्यावर टॉवेल गुंडाळून वर वर्तमानपत्र बांधलं, म्हणजे पट्टीसारखं जाड झालं. वहिनी सिस्टर झाली. तिनं नाड्या सोडल्या, पट्टी पाहिली, नाड्या बांधल्या. माय पडल्या पडल्या सूचना देत होती. बाबांनी पट्ट्याची चप्पल शेणानं सारवलेल्या ओल्या अंगणात चालवून पाहिली. घसरली नाही. अकरा लुगड्यांपैकी एक घरी जायच्या दिवसासाठी बॅगेत राहिलं, आणि बाकी काढल्यावर चेन आपली आपण लागली.

ऑपरेशनच्या दिवशी मात्र आमचं हसू थोडं आटलं. आत नेण्याआधी दवाखान्याचा पांढरा अंगरखा घालायचा होता आणि अंगावरचं सगळं काढायचं होतं. सिस्टरनं साबण लावून हळूहळू बांगड्या उतरवल्या. पोत आणि जोडवी काढून मायनं बाबांच्या तळहातावर ठेवली. म्हणाली, "सांभाळा. इकडं-तिकडं ठेवसान." बाबांनी मूठ बंद केली, ती मूठ पायजम्याच्या खिशात घातली आणि बाकावर बसले. पूर्ण वेळ त्यांनी तो हात बाहेर काढला नाही. चहा आला तर डाव्या हातानं घेतला, बशी नको म्हणाले. डॉक्टर बाहेर येऊन "छान झालं" म्हणाले, तेव्हा नमस्कारही एकाच हातानं केला.

माय शुद्धीवर आली ती रागावूनच. "हे पांढरं कोनी घातलं मले? माहा झगा कुठं आहे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला झगा घातला आणि वॉर्डातल्या गोष्टी सुरू झाल्या.

बायकांचा वॉर्ड सहा खाटांचा होता. पाचवर बाया होत्या, मायसकट. तिघींचा गुडघा, एकीचा खुबा, एकीचा पडून मोडलेला पाय. सगळ्यांनाच तो कागद मिळाला होता आणि सगळ्यांनीच साड्या आणल्या होत्या. मायच्या शेजारच्या खाटेवर हिवरा आश्रमाकडची एक मावशी होती. घरचा भाजीपाल्याचा मळा, अंगानं भरलेली, आवाज खणखणीत. तिच्या लेकानं ऐन वेळी बाजारातून गाऊन आणला होता, पण तो डोक्यातून घालायचा होता आणि गुडघ्याशी अरुंद. सिस्टर पट्टी पाहायला आली की तो कमरेपर्यंत गुंडाळावा लागायचा. मग पडदे ओढा, चादर धरा, लेकाला बाहेर काढा. मावशी डोळे मिटून घ्यायची आणि म्हणायची, "झालं का व? झालं का?"

मायच्या खाटेजवळ सिस्टर आली. माय पडल्या पडल्या तीन नाड्या सोडून मोकळी झाली. सिस्टरनं पट्टी पाहिली. मायनं नाड्या बांधल्या. मावशी एका कोपरावर उठून हे पाहत होती.

"कोन्या दुकानातून आन्ला व बाई?"

"दुकानातला नाही," माय म्हणाली. "उंद्रीचा आहे."

दुपारी व्यायाम घेणारी मॅडम आली. तरुण पोरगी, बारीक, पण दंडाला धरलं की म्हातारी बाई उठून उभी राहील असा हात. तिनं मायला वॉकर देऊन उभं केलं. मायनं वॉकर घट्ट धरून एक पाऊल टाकलं. झगा पायात आला नाही. दुसरं टाकलं. चौथ्या पावलाला तिनं वॉकरवरचा एक हात काढून खिशात घातला आणि मॅडम ओरडली, "आजी, दोन्ही हात." मायनं हात परत वॉकरवर ठेवला, पण तोवर तिनं खिसा साऱ्या वॉर्डाला दाखवून घेतला होता.

संध्याकाळपर्यंत चारही बायांना झगा हवा होता.

मायनं शिंपीभाऊंना फोन लावला. तिचा फोन कायम मोठ्या आवाजावर असतो, त्यामुळं दोन्हीकडचं बोलणं सगळ्यांना ऐकू येत होतं.

"भाऊजी, चार झगे पाह्यजेत. परवाच्या दिवशी."

"वहिनी, तुम्ही दवाखान्यात गेल्या का दुकान टाकलं?"

"कपडा पाठवून राह्यली. माप लिहून घ्या."

माप घ्यायला टेप नव्हता. मी उरलेली क्रेप पट्टी घेतली, पण ती ताणली जाते. एकाच मावशीचा घेर एकदा सहा वीत आला, एकदा साडेचार. शेवटी सलाईनची रिकामी नळी घेतली आणि तिला पेनानं खुणा केल्या. खुब्याच्या आजीला उठता येत नव्हतं, तिचं माप मॅडमनं अंदाजानं सांगितलं. हिवऱ्याच्या मावशीचं माप मला दोनदा सांगावं लागलं. मग शिंपीभाऊ म्हणाले, "हे एकीचंच आहे ना?" मावशी खाटेवरून खणखणीत बोलली, "एकीचंच आहे. कपडा मायंदळ आहे, तुम्ही फक्त कैची चालवा." वॉर्डातल्या नव्या टाक्यांची काळजी वाटावी इतकं सगळे हसले. सिस्टर धावत आली, तिला वाटलं कोणी पडलं.

प्रत्येकीनं आपल्या बॅगेतली सगळ्यात मऊ साडी काढून दिली. एक जांभळी, एक मोतिया, एक चौकटीची, आणि मावशीची लालभडक, पिवळ्या काठाची. दादा डबा घेऊन आला होता, तो गाठोडं घेऊन परत गेला. जाताना मायनं त्याला दहा वेळा बजावलं की साडीवरच्या चिठ्ठ्या पडू देऊ नको.

चौथ्या दिवशी सकाळी दादा चार झगे घेऊन हजर झाला. शिंपीभाऊंनी आख्खा एक दिवस आणि दोन रात्री दुसरं काही हातात न घेता शिवले होते. चारही झग्यांना दोन्हीकडून चिरा. कोणाचा कोणता पाय ते माप सांगताना मी नीट सांगितलं होतं, तरीही. दादानं निरोप आणला, "एकदा फसलो. आता कोन्याच पायावर विश्वास नाही." खुब्याच्या आजीच्या झग्याला त्यांनी आपल्या मनानं खुब्यापर्यंत चीर दिली होती आणि नऊ नाड्या लावल्या होत्या. आजीनं त्या बोटांनी एक एक मोजल्या आणि एकदम खूश होऊन म्हणाली, "माह्या लग्नातल्या चोळीले बी इतक्या नव्हत्या."

त्या दिवशी व्यायामाच्या वेळी मी वॉर्डाच्या दारात उभी होते. समोरून वॉकरवर माय हिरव्यात, तिच्यामागं मावशी लालभडकात, मग जांभळी, आणि पाय मोडलेली चौकटीवाली चाकाच्या खुर्चीत, तिला ढकलत तिची नणंद. सगळ्यांच्या घेराला काठ. खिसे टम्म फुगलेले. खुब्याची आजी खाटेवरून मोतिया झग्यात बसल्या बसल्या सगळ्यांना "मान वर, मान वर" म्हणत होती. मॅडमनं मोजायचं सोडून तोंडावर हात धरला. डॉक्टर राउंडला आले ते भिंतीला चिकटून उभे राहिले आणि ही वरात जाऊ दिली. नव्यानं भरती होणाऱ्या एका बाईचा मुलगा काउंटरवर विचारत होता, "हा ड्रेस तुमच्याकडूनच मिळतो का?"

डॉक्टरांनी सुटीच्या कागदावर सही करताना मायला विचारलं, "आजी, दुखतं का?"

"दुखते ना," माय म्हणाली. "पन लक्ष कुठं आहे."

पाचव्या दिवशी आम्हाला घरी सोडलं. बॅगेतलं ते एक लुगडं मी बाहेर काढलं आणि नेसवू का विचारलं. पाय अजून दुमडत नव्हता. मायनं लुगड्याकडं पाहिलं, स्वतःकडं पाहिलं आणि म्हणाली, "राहू दे. घरी जाऊन पाहू." बाबांनी पोत आणि जोडवी परत दिली. मावशीनं खाटेवरूनच मायचा हात धरून ठेवला. म्हणाली, "उजव्याले कधी येतं, मले फोन कर. मी बी उजव्याचं तेव्हाच पाहीन."

गाडी दादाची. माय पुढच्या सीटवर, सीट मागं सरकवून पाय लांब केलेला. चिखलीत शिरताना रस्त्याच्या कडेला रसवंती लागली. चरकाला बांधलेले घुंगरू वाजत होते.

"थांबव," माय म्हणाली.

"माय, गाडीतच आणून देतो," दादा म्हणाला.

"मले उतरायचं आहे. डॉक्टरनं चालाले सांगतलं ना?"

तिला उतरवायला आम्हा तिघांना बराच वेळ लागला. मग वॉकर टेकत टेकत, काठाच्या हिरव्या झग्यात, पट्ट्याच्या चपला घालून, माय दहा-बारा पावलं चालून रसवंतीपर्यंत गेली. बाकावर बसलेली पोरं उठून उभी राहिली. ती बसली नाही. वॉकरला कंबर टेकवून उभ्यानंच तिनं ग्लास संपवला, ओठ पुसले, आणि रसवाल्याला म्हणाली, "आणखी एक दे, बावा. याच्यात अद्रक जास्त टाक."

बाबा तिच्या शेजारी एक हात तिच्या पाठीमागं धरून उभे होते, पडली तर म्हणून. त्यांनी मागितला नव्हता, पण रसवाल्यानं त्यांच्याही हातात एक ग्लास दिला.